धुगधुगी

नशानची झिगुली सकाळपासून माझ्या दारात उभी आहे.
ग्युमरीतला नोव्हेंबर. बादलीतल्या पाण्यावर
सायीएवढा बर्फ.
तो म्हणतो, "सिग्नलला थांबली की अगदी मरायला टेकते.
एक आटा पिळ फक्त. दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटांचंच आहे, खरं तर.
बॉनेट उघडायचं, फिल्टर बाजूला करायचा,
कार्ब्युरेटरच्या बगलेतला पितळी स्क्रू
पाव फेरा आत,
की काटा सहाशेवरून साडेआठशेवर.
गिऱ्हाईक खूश, पैसे खिशात.

पण मी तातुलला सांगतो, रेडिओ बंद कर.
रबरी नळीचं एक टोक कानात घेतो,
दुसरं इंजिनावर फिरवत राहतो.

सहाशे.
चौथा सिलेंडर मध्येच एक घास चुकवतो,
सावरतो, पुन्हा चुकवतो.
तेलाचा लाल दिवा लागतो, विझतो,
झोपेत कुणी डोळा किलकिला करून विचारावं तसा:
निघालो का? नाही? बरं.

हा आळस, आजार, की नुसती सवय?
एक तर इथल्या उंचीवर हवाच विरळ,
त्यात कुठली तरी नळी तडकून
हवा चोरवाटेनं आत शिरत असेल
तर आटा पिळणं म्हणजे
तापानं फणफणलेल्या पोराला पळायला लावायचं
आणि म्हणायचं, बघा, गाल कसे लाल झालेत.

"एका आट्यासाठी केवढा आटापिटा!" नशान हसतो.
मग जवळ येतो, आवाज खाली आणतो.
"तिच्यासाठी रे. अठ्ठ्याऐंशीपासून तिला थरथर सोसवत नाही.
ग्लासातलं पाणी हललं तरी
उठून चौकटीत जाऊन उभी राहते."

अठ्ठ्याऐंशी म्हटलं की या गावात
महिना सांगावा लागत नाही.
मी तेव्हा तातुलएवढा होतो.
माझी खाट अजूनही भिंतीपासून हातभर लांब असते.

सिरवार्द पुढच्या सीटवर,
मांडीवर कापडात गुंडाळलेला लवाश.
आरशाला टांगलेलं काचेचं डाळिंब
सहाशेच्या तालावर काचेला टकटकतंय.
तिच्याकडे न बघता मी स्क्रूड्रायव्हर उचलतो.

ती काच खाली करते.
"काय करताय?"
"थरथर काढतोय."
"राहू दे."
नशान तोंड उघडतो, मिटतो.
"ही कुठून येते ते मला ठाऊक आहे," ती म्हणते.
"चावी फिरवली की थांबते.
हा ब्रेड आणायला उतरला की मी फिरवते.
थांबते.
मग परत लावते. परत फिरवते.
पाच-सहा वेळा. रोज."

"म्हणजे बॅटरी त्यामुळे गेली!" नशान ओरडतो.
"दोन बॅटऱ्या! एका वर्षात!"
तातुल फिस्सकन हसतो, मग माझ्याकडे बघून
पाने पुसायला लागतो. ते आधीच पुसलेले असतात.

नळी सापडली. ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी,
बुडाशी केसाएवढी चीर.
नवी घातली. स्क्रूला हात लावला नाही.
काटा आपणहून चढला, सातशेवर
जरा घुटमळला, तिथेच बसला.
पुस्तकात लिहिलंय त्याहून कमीच.
पुस्तक लिहिणाऱ्यांना सिरवार्द माहीत नव्हती.
तेलाचा दिवा विझला तो विझलाच.
डाळिंब अजून हलतंय, पण काचेला लागत नाही.

नशाननं नळीचे पैसे दिले, मजुरीच्या बदल्यात
जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी, वर बॅटरीवरून दोन शिव्या.
गाडी गेली.

कोपऱ्यावरच्या सिग्नलला ब्रेकचे दिवे लागले.
मी हात पुसत ऐकत होतो.
एकदम काहीच ऐकू येईना.
"उस्ताद, बंद पडली!" तातुल धावत सुटला.
"थांब," मी म्हटलं.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला.
मग स्टार्टरची ती खोकल्यासारखी कुरकुर,
आणि सातशे.