दोन मुठींची करवत

कुह्मोच्या रानात विजेचे खांब
लेम्पीच्या दाराअलीकडे अकरा किलोमीटरवर थांबलेत.
विचारायला आला होता कंपनीचा पोऱ्या.
तिने त्याला काळा पाव दिला, रानबेरींचा मुरांबा दिला
आणि नकार.

तळघरात बटाटे, मार्चअखेर पुरतील.
तळ्याच्या बर्फाला भोक पाडलं की पाणी,
नशीब जागं असेल तर मासाही.
डिसेंबरात सूर्य उभ्याउभ्याच येऊन जातो;
दिव्यात मेंढीची चरबी, घरचीच.
कुणाचं देणं नाही.

फक्त ही लांब करवत.
ऊर्हो गेल्यापासून तिची पलीकडची मूठ
हवेत डुगडुगते, पातं ओंडक्यात अडकतं.
लेम्पी मग ओंडक्याला वळसा घालते,
त्याच्या बाजूने थोडं ओढते,
परत येते,
थोडं आपल्या बाजूने.