उजवा कान

कोर्व्हात कुणी कुणाला घराणं विचारत नाही.
टोपी वर सारायची, उजवा कान दाखवायचा.
पाळ झडली असेल तर माणूस देवाचा,
अर्धा कान गेला असेल तर बसायला चुलीजवळ जागा,
आणि हास्केरबाबांसारखं नुसतं भोक उरलं असेल
तर राणीसुद्धा उठून उभी राहते.

आमचा देव वर नाही, खाली आहे,
तिल्सा खाडीच्या बर्फाखाली.
त्याला हाक मारत नाहीत, नवस बोलत नाहीत,
काही मागायची रीतच नाही.
आडवं व्हायचं, कान टेकायचा
आणि कातडी चिकटेपर्यंत ऐकायचं.
उठताना थोडी तिथंच राहते.
तीच दक्षिणा.

डावा कान फौजेचा.
सोळाव्या वर्षी भरतीचा कारकून त्यात शिट्टी फुंकतो.
दचकला तो पायदळात,
दचकला नाही तो तोफखान्यात.
माझा एल्दार हसला.
कारकून बराच वेळ टाक हातात धरून बसला,
मग लिहिलं: स्लेज, कुत्री.

मी तिसऱ्या पलटणीची भटारीण.
राईचं पीठ, सीलची चरबी, बर्चचा भुसा.
भुशाचं कुणाला सांगायचं नसतं
आणि ते सगळ्या पलटणीला ठाऊक असतं.
पाव असा की विटेसारखा रचावा.
ओर्सुंदच्या वेढ्यात रचलाही होता;
वेढा उठला तेव्हा पोरांनी भिंत खाल्ली.

त्या वर्षी, सूर्य परतायच्या आठवड्यात,
बर्फ बोलला.
आधी लांब कण्हणं, मग एक तडाखा,
मग काहीच नाही, आणि ते काहीच नाही फार वेळ.
अकरा पुरोहितांनी कान टेकले.
सेनापती व्रूक्स घोड्यावरून उतरला नाही.
त्याचे दोन्ही कान शाबूत होते,
गुलाबी, तान्ह्या पोरासारखे.
काय म्हणतो? त्यानं विचारलं.
चला म्हणतो, अकरा जण म्हणाले.
सेनापतीच्या मनातलं ऐकायला
बर्फावर आडवं व्हावं लागत नाही.

हास्केरबाबा शेवटी उठले, दाढीला रक्त.
पाणी म्हणतो.
नुसतं पाणी?
नुसतं पाणी.
म्हाताऱ्याला आता ऐकू येत नाही, व्रूक्स म्हणाला,
आणि सगळे हसले. मीही हसले.
हे लिहून ठेवते, कारण नंतर प्रत्येकजण म्हणाला
मी हसलो नव्हतो.

रात्रभर अकराशे पाव भाजले.
पहाटे पलटण खाडीवर उतरली
पलीकडच्या गावाचे दिवे आपले करायला.
मैलभर गेल्यावर एल्दारची कुत्री थांबली.
नऊच्या नऊ आडवी झाली, कान बर्फाला लावून.
त्यानं एकदा चाबूक उगारला,
मग टाकला,
आणि त्यांच्या रांगेत दहावा होऊन झोपला.
पलटण त्याला वळसा घालून पुढं गेली.
कुणी थुंकलं, कुणी त्याच्या अंगावर आपला कोट टाकला.

पुढचं मी पाहिलं नाही. भट्टीपाशी होते.
नुसतं तव्यांना ऐकू आलं, ते खुंटीवर थरथरले.

फौजेनं माझ्या मुलाचा डावा कान परत घेतला.
कायद्यात तसंच आहे: हुकूम ऐकला नाही, तर कान कशाला?
आता तो भट्टीच्या उजव्या बाजूला बसतो,
जखमेला ऊब लागू नये म्हणून,
आणि कुत्र्यांशीच बोलतो.

खाडी पुन्हा गोठली आहे.
बायका रोज जातात, आडव्या होतात, कान टेकतात.
देवासाठी नाही.
इल्वेचा तर कान उरलाच नाही, ती आता गाल टेकते.

मी जात नाही. माझं तिथं खाली कुणी नाही.
बिनभुशाचा पाव घेऊन काठापर्यंत जाते,
कुणी हात पुढं करत नाही.
परत येते, पीठ मळते,
गरजेपेक्षा जरा जोरात,
म्हणजे दुसरं काही ऐकू येत नाही.