मानगें

आधी परी ठरली होती.
मग घोडा, शिंगवाला, सात रंगांच्या आयाळीचा.
फोंड्याहून त्याच्या शिंगांचे साचेही आणले मी,
साडेतीनशे रुपयांचे, परत घेणार नाही या बोलीवर.
आणि चार दिवस उरले असताना
डोक्यावर साबण तसाच ठेवून ती न्हाणीतून ओरडली,
"आई, म्हाका मानगें जाय!"

मानगें.
पौषातल्या अवसेला धाकूमाम बांधावर थापतो तसलं.
चिखलाची मगर, पाठभर खुब्यांच्या शिंपल्या,
काड्यांचे दात.
नदीतल्या मगरीने माणसाची
ओळख ठेवावी म्हणून.
यंदा तिच्या शेपटीवर शर्वाणीने
सोळा शिंपल्या स्वतः बसवल्या होत्या
आणि झोपताना विचारलं होतं,
भरती आली तर तिला पोहता येईल ना?

वहीत काढून पाहिलं.
दीड फूट लांब. दोन केक, एक कापून तिरका जोडायचा.
बाटलीतला हिरवा फारच पोपटी.
मला हवा होता मानशीच्या फळीवरचा,
ओहोटीला उघडा पडतो तो, शेवाळी.
त्यात कोको घातला. थोडी हळद. मग काळा, टाचणीच्या टोकावर.
ढवळता ढवळता वाटलं, हे खाणार कोण?

उल्हास म्हणाला, बेकरीत सांग, मोकळी हो.
बेकरीतली इर्मिंदा फोनवर हसत सुटली,
मग म्हणाली, "तोंड हसरं करू?"
नको म्हटलं. मीच करते.

धाकूमाम भेंडी द्यायला आला
आणि ओट्यापाशी थबकला.
"शेपूट सरळ? मेलंय का ते?"
हात धुतले त्याने, तीनदा, कोपरापर्यंत,
शेपूट डावीकडे वळवलं.
भेग पडली. बांधावर लिंपतो तशी
अंगठ्याने लिंपली त्याने क्रीम,
अंगठा चाटला.
"गोड आसा," म्हणाला, जणू शंका होती.

"पोटात अंडं ठेवलंस?"
"सहा घातलीत, मामा. फेटून."
तो जरा गप्प राहिला.
"चलता."

खवल्यांना बदामाचे काप, उभे खोचलेले.
डोळ्यांना काळे मनुके.
आणि दात?
ते निघाले शिंगाच्या साच्यातून,
पांढऱ्या चॉकलेटचे, बावीस.
साडेतीनशे वसूल झाले.
फ्रीजमधली एक फळी काढावी लागली,
हुमणाचं भांडं शेजारी गेलं पाहुणचाराला.

सात मेणबत्त्या पाठीवर. चौदा पोरं.
फुंकून झालं, टाळ्या झाल्या,
आणि शर्वाणीने सुरी घेतलीच नाही.
"मानग्याक कोण कापता?"
खरंच की. कोण कापतं?
उल्हास माझ्याकडे पाहतो, मी सुरीकडे.
एवढ्या मेहनतीचं काय करायचं आता,
नदीत सोडायचं?

मागून, खुर्ची न सोडता धाकूमाम म्हणाला,
"बांधावरचं राहतं का गे तसंच?
पाणी येतं, घेऊन जातं.
आज पाणी तुम्ही."

तिने विचार केला. पुरता.
आपल्या वेणीतली अबोली काढून
मगरीच्या डोक्यावर ठेवली,
आणि शेपटीत हात घातला, पाची बोटांनी.
मग भरतीच आली.

रात्री फ्रीज उघडला.
डोकं तेवढं राहिलंय, अबोलीसकट.
एक मनुका घसरून कोकमाच्या बाटलीपाशी पडलाय,
तिथूनच बघतोय.

ती झोपलीय तोंड उघडं टाकून.
जीभ हिरवी, पुढचे दोन दात अजून यायचेत.
मुठीत बाविसातला एक,
निम्मा विरघळलेला.
सोडवून घ्यायला गेले तर गच्च आवळला.
राहू दे.
उशीचा अभ्रा सकाळी भिजत घालीन.