पूज्य

सूरच्या ऑगस्टमध्ये लोखंडालाही घाम येतो.
वर्कशॉपचा एसी आमच्या सगळ्यांपेक्षा वयानं मोठा,
रात्रभर बादलीत ठिबकायचा,
आणि बादली ओतायची पाळी, का कोण जाणे, नेहमी माझी.

आम्ही चौघं. जोबिन, शम्सा,
कराचीचा तहसीन (वायरिंग त्याचं, शिव्याही त्याच्याच)
आणि मी. पहिल्या बैठकीत विचारलं, तू काय करशील?
म्हटलं, हिशेब.
हिशेब म्हणजे चार स्टेपर मोटर,
दोन स्क्रू मस्कतहून आणलेले, त्यातला एक वाकडा,
"सरळच आहे, तुमची नजर तिरकी" म्हणणारा दुकानदार,
आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या खिडकीचं ॲल्युमिनियम,
ज्याला अजून माशाचा वास होता.

पहिलं वर्तुळ कापलं.
अंडं निघालं.
शम्सा म्हणाली, उकडू की तळू?

दोन दिवसांनी सापडलं:
कपलिंगचा स्क्रू, तांदळाच्या दाण्याएवढा,
ढिला.
मोटर फिरायची, दांडा क्षणभर विचार करायचा, मग फिरायचा.
आवळला. अंडं थोडं गोल झालं.

पण खरं दुखणं पुढेच होतं.
कापता कापता यंत्र मध्येच थांबायचं
आणि पडद्यावर लिहायचं: कडेला धडकलो.
कड हातभर लांब!
स्पिंडल बंद असलं की शहाण्यासारखं फिरायचं,
स्पिंडल सुरू केलं की दहा मिनिटांत
हवेलाच धडकायचं.

जोबिननं दमटपणाला दोष दिला.
तहसीननं तीनदा बोर्ड बदलला, एकदा स्वतःचा मोबाईल आपटला.
मी बेरजा पुन्हा केल्या,
जणू हातच्या एकात भूत दडलं असावं.
शम्साचे काका खमीस, किनाऱ्यावर गलबतं बांधणारे,
तिला न्यायला आले होते, बराच वेळ ऐकत उभे राहिले.
आम्हाला वाटलं, आता हे काहीतरी जुनं, शहाणं बोलतील.
म्हणाले, तेल घाला.
घातलं.
तेलावर भुसा बसला, भुशावर वाळू,
आणि ती लापशी खरवडण्यात शुक्रवार गेला.

शेवटी चूक निघाली ती माझी.
हे इथं सरळ लिहून टाकते.
मला तारा लोंबलेल्या बघवत नाहीत.
स्पिंडलची जाड तार आणि स्विचची बारीक तार
मीच एकत्र बांधल्या होत्या, दर चार बोटांवर एक पट्टी,
लग्नाच्या वेणीसारख्या देखण्या.
जाडीचा गोंगाट बारकीच्या कानात शिरायचा
आणि ती बिचारी ओरडायची: धडकलो, धडकलो.

रात्री साडेअकराला पकडीनं एकेक पट्टी तोडली.
तारा अशा फाकवल्या की
आईनं पाहिल्या असत्या तर म्हणाली असती,
हा काय उकिरडा.
स्पिंडल सुरू केलं. दहा मिनिटं. वीस.
कुणी बोलेना.
तहसीनसुद्धा.

मग यंत्राला पुन्हा सांगावं लागतं, शून्य कुठं आहे.
ते हळूहळू कोपऱ्याकडे सरकतं,
स्विचला टेकतं, मागे येतं,
पुन्हा टेकतं, या वेळी जास्त हळू,
अंधारात दाराची कडी चाचपावी तसं.
सिफ्र, शम्सा म्हणाली.
सिफर, तहसीन म्हणाला, जणू तिचं शुद्धलेखन सुधारत.
जोबिन म्हणाला, पूज्यम्.
मी हसत सुटले.
बाबा माझं प्रगतिपुस्तक बघून म्हणायचे,
वा, भूमितीत पूज्य!
हा शब्द फक्त आमच्या घरातला, अशीच माझी समजूत होती.

त्या रात्री कापलेलं वर्तुळ शंभर मिलिमीटरचं.
कॅलिपर म्हणाला, एकीकडे दोन दशांश कमी.
सरांना दिसणार नाही, असं एकमतानं ठरलं.

सकाळी खमीसकाकांनी ते हातात घेतलं,
डोळे भलतीकडे,
अंगठा कडेवरून फिरत राहिला
आणि एका जागी थांबला.

आम्ही चौघंही बादलीकडे बघू लागलो.
भरली होती.
या वेळी तहसीन उठला.