उजेडाची बाजू

डंडीत, हिलटाउनच्या चढावर, गिलरुथ साहेबांच्या स्टुडिओत
माझं काम काचेवरचं.
निगेटिव्ह उजेडाला टेकवायची, भिंग डोळ्याला लावायचं
आणि टोकदार पेन्सिलीनं माणसं थोडी बरी करायची.
देवीचे व्रण बुजवायचे. जागरणं पुसायची.
गिरणीतून थेट आलेल्या बायकांच्या केसांत
तागाची कुसळं असायची,
ती एकेक वेचायची, उवा वेचाव्यात तशी.

मागे पडदा एकच: कठडा, तळं, तळ्यात हंस.
हंसाच्या मानेपाशी शिवण होती.
त्या साली निम्मं शहर त्या तळ्याकाठी उभं राहून गेलं,
नव्या किल्टच्या चुण्या मोडू नयेत म्हणून ताठ,
शेजारी बायको, खुर्चीत आई,
आणि साहेब काळ्या कापडाखालून: 'हलू नका.'
हलायचे ते. मुलं तर हमखास.
एका फोटोत बापाच्या मांडीवर नुसतं धुकं आहे,
बूट घातलेलं.

एफी लँब आली ती लूसची यादी लागल्यावर.
कडेवर सात महिन्यांची पोर, बापानं न पाहिलेली.
पिशवीत डॉडचा फोटो, छावणीतला, एकट्याचा.
म्हणाली, 'आम्हाला एकत्र करा.'
ती वाळूची पोती शिवायची, शेकड्यावर मजुरी.
'माझंच एखादं पोतं असेल तिथं,' म्हणाली, 'त्याच्या डोक्याशी.'
मग पैशांचं बोलली.
मग म्हणाली, 'हात खांद्यावर हवा.'

डॉडच्या फोटोत दोन्ही हात पाठीमागे.

तेवढ्यात एक पोरगा आला, दर विचारायला.
पेट्री नाव. डझनाला किती, अर्ध्या डझनाला किती,
एकच काढला तर.
पलटण तीच, बाही तीच.
साहेबांनी त्याला एफीच्या मागे उभं केलं.
'नुसता हात ठेव, पोरा. बाकीचा तू नको आहेस.'
मला कापायला सोपं जावं म्हणून
त्याच्या डोक्यावरून छातीपर्यंत काळं कापड टाकलं.
ते कापड जरा हललं. हसला असेल.
साहेबांनी आकडे मोजले, सहापर्यंत.
तिसऱ्याला एफीनं डोळे मिटले.
ती काच फुकट गेली.
दुसऱ्या वेळी तिनं ते उघडे ठेवले.
किती जोर लावून, ते भिंगातून दिसतं.

रात्रभर बसले मी.
कोपरापासून खालचं पेट्रीचं, वरचं डॉडचं.
कडा घासल्या, सांध्यांवर शाई फिरवली.
एक गोष्ट जमली नाही.
डॉडवर उजेड डावीकडून, कुठल्याशा मैदानातल्या सकाळचा,
एफीवर उजवीकडून, आमच्या काचेच्या छपरातून.
एका कुटुंबाला दोन सूर्य.
आणि अंगठ्याचं नख कुरतडलेलं, पार मांसापर्यंत.
ते बुजवायला हवं होतं.
पेन्सिल उचललीही होती.

एफीनं तो फोटो शेगडीवरच्या फळीवर ठेवला.
उजेडाचं तिला कधी कळलं नाही, किंवा कळलं.
पोर चालायला लागली तेव्हा
फोटोतल्या हाताकडे बोट करून 'डाडा' म्हणायची. चेहऱ्याकडे नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक बाई आल्या, हॅट हातात धरून.
'आमचा आर्ची इथं आला होता का, पेट्री?
दर विचारून येतो म्हणाला होता.
एखादी काच असेल तर. बिघडलेलीही चालेल.
नखं खायचा, सांगून थकले मी.
हात मागे घे म्हटलं होतं फोटोत.'

बिघडलेली काच मीच धुतली होती, दुसऱ्या दिवशी, गरम पाण्यानं.
तीवर नंतर एक लग्न निघालं.

मी म्हटलं, 'दर विचारून गेला.'

'किती सांगितलात?'
मी सांगितला.
त्यांनी हॅट डोक्यावर ठेवली, पिन खोचली.
'मग बरोबर,' म्हणाल्या, 'जास्त वाटला असणार त्याला.'