सहकार्य करावे

इंद्रभुवनाच्या मागं, जिथं बिघडलेलं फॉगिंग मशीन ठेवलंय
त्या खोलीत माझा आवाज भरून घेतला.
पंखा बंद करायला लावला, करकरत होता म्हणून.
एप्रिल. कागदावर घामाचे थेंब.
हत्तुरे साहेब म्हणाले, पोरी, गोड बोल,
पण ऐकणाऱ्याला धडकी बसली पाहिजे.
"जप्ती"वर दोनदा जीभ अडखळली.
तिसऱ्यांदा बरोबर आलं.

त्याचे वेगळे पैसे नाहीत. मी तशीही कंत्राटावर,
मालमत्ता कराच्या टेबलाला,
संगणकात चुकलेली नावं दुरुस्त करते.
येमूलचं झालेलं यमुना,
गड्डमचं गदम.
नाव चुकतं. बाकी कधी चुकत नाही.

आता रिक्षा फिरते.
मी टेबलाशी असते आणि मीच
कन्ना चौकातून, दाजी पेठेतून, नीलम नगरातून जाते.
सर्व नागरिकांना कळविण्यात येते की
जलवाहिनी फुटल्याने पाणी एक दिवस उशिरा,
ओला कचरा वेगळा, सुका वेगळा,
थकबाकी भरावी अन्यथा.
गतिरोधकावर माझ्या आवाजाला उचकी लागते.

दस्तगीर रिक्षा चालवतो, तो संध्याकाळी सांगतो
लोक तुला उत्तरं देतात म्हणून.
एक म्हातारा सायकलवरून उतरून म्हणाला,
बाई, आज सहावा दिवस आहे.
एकीनं रिकामी घागर दाखवली, कर्ण्याला, जणू त्याला डोळे आहेत.
यंत्रमागांच्या खडखडाटात अर्धी वाक्यं बुडतात,
वर तरंगते फक्त "अन्यथा".
पोरं मागं धावतात. काय बे, बाई आली, बाई आली.
नागरिकांनी स-ह-का-र्य करावे.
माझ्यापेक्षा बरं म्हणतात.

अम्माला पटत नाही ती मी आहे.
मांडीवर सूप, बोटांना तंबाखूचा रंग,
वर न बघता म्हणते,
तू कुठं एवढं शुद्ध बोलतेस?

रविवारी रिक्षा आमच्या बोळात आली.
मी मोरीत कपडे आपटत होते.
कर्णा घरासमोरच थांबला, पुढं टँकर अडकला होता,
आणि मी सांगत राहिले, पुन्हा पुन्हा,
चोवीस तासांत नळजोडणी तोडण्यात येईल.
अम्मानं दाराबाहेर मान काढली.
आगवे, म्हणाली त्या बाईला,
विडीचे पैसे शनिवारी झाले नाहीत, जरा थांब.
मी पिळलेली साडी परत पाण्यात बुडवली.

आता हे कुणाला सांगितलं नव्हतं ते.
यादीत अठ्ठ्याऐंशीव्या ओळीला एक नाव आहे,
"पेंटर राजेश बोली".
म्हणजे आमचा बाप. पेंटय्या राजेशम बोल्ली,
ज्यानं जन्मात भिंतीला रंग लावला नाही,
माग चालवला आणि खोकत गेला.
त्या नावाची नोटीस आली की अम्मा शिपायाला परत देते.
इथं पेंटर कोणी राहत नाही, पुढं विचार.
शिपाई पुढं विचारतो. चार वर्षं विचारतोय.
आणि माझं काम काय? नावं दुरुस्त करणं.
दिवसाला दोनशे करते.
अठ्ठ्याऐंशी आलं की पाणी प्यायला उठते.

सोमवारी उठले नाही.
ट-ला-य-जोडला, ल-ला-ल.
सरकारी कागदावर तो पहिल्यांदाच नीट लिहिला गेला,
रेशनकार्डात नाही, मृत्यूच्या दाखल्यातसुद्धा नाही.
मग बराच वेळ कर्सर तिथंच लुकलुकत राहिला.
शेजारच्या जगदेवीनं विचारलं, हँग झालं का गं?

बिल गुरुवारी आलं.
अम्माला वाचता येत नाही, पण शिपायानं नाव मोठ्यानं वाचलं
आणि ती परत द्यायला उचललेला हात तसाच धरून उभी राहिली.
मग कागद घेतला. घडी केली. तंबाखूच्या डब्याखाली ठेवला.

रात्री तीनला चावीवाला येऊन गेला. ड्रम भरायला लागले,
गढूळ, बारीक धार.
शास्ती किती? तिनं अंधारात विचारलं.
मी आकडा सांगितला,
आणि तो निघाला कर्ण्यावरच्या आवाजात.
ती वळून माझ्याकडं बघत राहिली.
ड्रम भरून वाहायला लागला तरी.