भिंतीमागची दोन बोटं

सातव्या भागातलं ते दार
खरं तर उघडायचं होतं.
पॉमफ्रेट चहाचा ट्रे घेऊन आत येणार,
एक वाक्य बोलणार, संपलं.

पण आदल्या रात्री माझ्या बापाने रंग दिलेला,
घाईघाईत, दोन हात,
आणि मँचेस्टरचा फेब्रुवारी
काही म्हणजे काही वाळू देत नाही.

दार चौकटीला चिकटलं.
पॉमफ्रेटने ढकललं, खांदा लावला, लाथ घातली,
मग ट्रेसकट खिडकीतून आला
एक थेंब न सांडता.
कप रिकामेच होते म्हणा.

लाथेसरशी अख्खी भिंत डुलली.
प्लायवूडच ती, वर फुलाफुलांचा कागद.
नीट बघा, घड्याळाच्या डावीकडे, अगदी कडेला
दोन बोटं दिसतात.
एकाचं नख काळंनिळं.
भिंत धरून उभा आहे एर्नी हॅलिवेल, सुतार.
समोर तीनशे माणसं पोट धरून हसतायत
आणि हा श्वास रोखून.

दिग्दर्शक पुढे मुलाखतींतून सांगत राहिला
दार न उघडण्याची कल्पना कशी सुचली ते.
बापाच्या पगारातून रंगाचे पैसे कापले गेले.
तो कधी बोलला नाही.
पुनःप्रक्षेपण लागलं की फक्त
खुर्ची थोडी पुढे ओढायचा.

आता मी ओढते.
ट्रे बघत नाही, पॉमफ्रेट बघत नाही.
बोटं येतात, जातात.

आमच्या घरातलं एकही दार, बाय द वे,
कधी धड लागलं नाही.